पेन्शन नव्हती म्हणून कागदही नाहीत? : लष्कराच्या अभिलेख कार्यालयांना खुलं पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार
आणि
लष्कराच्या सर्व अभिलेख कार्यालयांचे प्रमुख अधिकारी

सविनय नमस्कार.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात शिपाई होते. ते युद्धात नेमके कुठे होते हे कळावं म्हणून आम्ही त्यांच्या सेवेचे कागद मागितले. उत्तर आलं ते चार ओळींचं. संबंधित व्यक्ती बिनपेन्शनी होती, बिनपेन्शनी माणसाचे कागद २५ वर्षं ठेवायचे असा नियम आहे, ती मुदत केव्हाच संपली, सबब कागद नष्ट करण्यात आले आहेत. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

हे उत्तर कोणत्या कार्यालयाचं आहे ते मी इथे लिहीत नाही, आजोबांची पलटणही लिहीत नाही. ज्यांनी सही केली त्यांनी नियमाप्रमाणे केली, आणि अगदी याच शब्दांतली पत्रं मी इतरांच्या घरीही वाचली आहेत. माझी तक्रार नियमाबद्दल आहे. तो बदलणं आपल्या हातात आहे, म्हणून पत्र आपल्याला. आणि ज्यांच्या माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात असे कागद अजून पडून आहेत त्यांनीही ते वाचावं, म्हणून उघड.

आजोबा जावळी तालुक्यातले. १९४१ साली भरती झाले, १९४६ साली पलटणीतून सुटून घरी आले. मधल्या वर्षांबद्दल त्यांनी घरात जवळपास काही सांगितलं नाही. इटलीत बर्फ पाहिला एवढं म्हणायचे. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, कुणाला बोलायचं असलं की ते डावी बाजू पुढे करत. कान कशाने गेला हे आजीलाही ठाऊक नव्हतं. माझे वडील १९४७ साली जन्मले. आपला बाप चार-पाच वर्षं कुठे होता हे त्यांना या वयात जाणून घ्यायचं आहे, आणि मला ते त्यांना सांगायचं आहे. त्यात पैशाचा, जमिनीचा, सवलतीचा काही संबंध नाही.

घरात उरलंय ते थोडं आहे. डिस्चार्जचा दाखला चार घड्यांचा, घड्यांवर कापडाची पट्टी चिकटवलेली, वरचा उजवा कोपरा वाळवीने खाल्लेला. बक्कल नंबर नेमका त्याच कोपऱ्यात होता. उंची आणि छातीचं माप वाचता येतं, ओळखीची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण लिहिलाय तो वाचता येतो, वर्तणुकीपुढे ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे आदर्श, असं लिहिलंय. एका ओळीत जनरल हॉस्पिटलात दाखल केल्याची नोंद आहे, तारीख आहे, कारण नाही. शिवाय चार पदकं. भारतीय शिपायांच्या पदकांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर, नाव आणि पलटण ठोकून दिलेली असे. आजोबांच्या पदकांना वर्षानुवर्षं दसऱ्याला चिंच आणि राख लावून घासलं, त्यामुळे नंबरचे शेवटचे दोन आकडे गेले.

पण पदकं वाचता येतात, कुणी शिकवलं तर. आफ्रिका स्टार म्हणजे १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात उत्तर आफ्रिकेच्या किंवा इरिट्रिया-अबिसिनियाच्या बाजूला सेवा. इटली स्टार म्हणजे ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात इटलीच्या रणांगणावर. म्हणजे आजोबा मे १९४३ च्या आधी समुद्रापार पोहोचले होते आणि नंतर इटलीत उतरले, इतकं आम्हाला धातूच्या चार तुकड्यांनी सांगितलं. सरकारने तेवढंही सांगितलं नाही.

आता नियमाकडे येते.

लष्कराच्या १९८७ च्या नियमावलीतला परिच्छेद ५९५ आपल्याला माहीत आहेच. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या किती तरी निकालांत त्याचा उल्लेख येतो, कारण म्हातारे सैनिक किंवा त्यांच्या विधवा पेन्शनचा दावा घेऊन जातात आणि कार्यालय सांगतं की बिनपेन्शनी माणसाचे कागद २५ वर्षांनी नष्ट झाले. हिशेबापुरतं पाहिलं तर नियम समजतो. ज्याला दरमहा पैसे द्यायचे नाहीत त्याची फाइल कशाला सांभाळायची, असा तो विचार आहे. पण हाच नियम महायुद्धाला लावला की काय होतं ते पाहा. शिपायाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. १९३९ ते ४५ या काळात भारतीय लष्कर २ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर गेलं, आणि सक्तीची भरती न करता उभं राहिलेलं जगातलं सर्वांत मोठं सैन्य म्हणून त्याचं नाव झालं. युद्ध संपल्यावर ही वाढीव माणसं १९४६-४७ मध्ये थोडीफार रक्कम हातावर ठेवून घरी पाठवली. त्यांची १५ वर्षं भरणार कशी? म्हणजे जी पिढी फक्त युद्धापुरती लष्करात आली, लढली आणि परतली, ती जवळजवळ सगळी बिनपेन्शनी ठरते. १९४६ साली सुटलेल्याचे कागद १९७१ नंतर कधीही जाळायला मोकळे. शांततेच्या काळात १५-२० वर्षं नोकरी केलेल्या माणसाची फाइल त्याहून कितीतरी जास्त जगते.

हा नियम लिहिणाऱ्यांच्या मनात असं काही असेल असं मला वाटत नाही. पण परिणाम हाच झाला आहे, आणि तो बदलावा असं इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नाही, हे मला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

शिपायाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सेवेच्या नोंदींच्या कागदात, काय असतं हे आपल्याला मी सांगायला नको, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वारस कोण, शिक्षण किती, भरतीची तारीख, कुठल्या तारखेला कुठल्या तुकडीत गेला, बोटीत कधी चढला, कुठे उतरला, केव्हा आजारी पडला, केव्हा जखमी झाला, कधी लान्स नाईक झाला, शिक्षा झाली असेल तर कशासाठी, घरी दरमहा किती पैसे पाठवायला सांगितले. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाही, अनेकदा ज्याला लिहिताच येत नव्हतं, त्याच्या पाच वर्षांचा हा एकमेव लेखी वृत्तांत असतो. तो जाळल्यावर मागे राहतो लाँग रोल. मोठ्या नोंदवहीत माणशी एखादी ओळ: नंबर, नाव, भरती कधी, सुटला कधी, कशामुळे. न्यायाधिकरणापुढेही कार्यालयं याच ओळीवर बोलतात. म्हणजे ती वही आहे, आपल्या कपाटात आहे. पण ती आम्हाला पाहता येत नाही.

जे युद्धात गेले त्यांची नावं तरी जगापुढे आहेत. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या यादीत दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या अविभाजित भारताच्या सुमारे ८७ हजार सैनिकांची नावं आहेत. त्यांतल्या पुष्कळांपुढे बापाचं नाव आणि गावही आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, समाधी नाही, पण कसिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे. इटलीतच फोर्लीला भारतीय सैनिकांचं वेगळं स्मशान-स्मारक आहे, ज्यांना अग्नी दिला त्यांची नावं तिथे आहेत. इरिट्रियात केरेनला आहे, रंगूनजवळ आहे.

जे परत आले त्यांची यादी कुठे आहे? कुठेच नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत किंवा शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत आजही घरटी कुणीतरी फौजेत असतो, तिथल्या म्हाताऱ्यांना कुणाचा आजा कुठल्या पलटणीत होता हे तोंडपाठ असतं. पण प्रत्येक गाव अपशिंगे नाही. डोंगरातल्या वाडीतून एकटाच गेलेला माणूस परत आला, शेतीला लागला, मेला, आणि त्याच्याबरोबर सगळं गेलं. आजोबा इटलीत मेले असते तर आज मला त्यांचं नाव, नंबर, पलटण आणि तारीख पाच मिनिटांत सापडली असती. हे लिहितानाही मला कसंसंच होतं. पण ते खरं आहे.

कागद शोधायला निघालेल्या माणसाची वाट तर फारच बिकट आहे.

पहिला प्रश्न, लिहायचं कुणाला. मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव. महार रेजिमेंट १९४१ च्या ऑक्टोबरात उभी राहिली तीही बेळगावातच, पण तिचं केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्स असेल तर खडकी, तोफखाना असेल तर नाशिक रोड, सिग्नल्स असेल तर जबलपूर, ऑर्डनन्स असेल तर सिकंदराबाद, मेडिकल कोअर असेल तर लखनौ. ज्याला पलटणच माहीत नाही त्याने प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज, वेगळी दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, वेगळी तीस दिवसांची वाट, आणि ‘आमच्याकडे नोंद नाही’ असं आलं की पुढचं दार. एका कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे आपणहून धाडला असं क्वचितच घडतं.

मग नंबर. आर्मी नंबर लिहिल्याशिवाय शोध घेता येत नाही असं सांगितलं जातं. नंबर कागदावर असतो. कागद आपल्याकडे असतो, किंवा होता. आमच्याकडे वाळवीने खाल्लेला कोपरा आणि झिजलेली कड आहे. दोन आकडे गेलेल्या नंबरासाठी वहीची काही पानं चाळावी लागतात हे मलाही कळतं, पण ती चाळायची नाहीतच असं ठरवून टाकणं योग्य नव्हे.

नावाचंही तेच. भरतीच्या वेळी कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलं. आडनाव लावलंच असं नाही, पुष्कळदा माणूस आणि बापाचं नाव एवढंच. निमजचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि त्यांचंसुद्धा आडनाव इंग्रजी छापील मजकुरात वेगवेगळ्या तऱ्हांनी आढळतं. मग ज्याला कुणी ओळखत नाही अशा शिपायाचं काय होत असेल. आपला कारकून अर्जातलं स्पेलिंग वहीत अक्षरशः शोधतो आणि नाही म्हणून कळवतो.

आणि गाव. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण हे एकट्या आमच्या घरचं दुखणं नाही. आजोबांच्या दाखल्यावर जे गाव लिहिलंय ते आज कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. धरण झालं तेव्हा जावळी-पाटणची खोरीच्या खोरी उठली, माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी कुठे कुठे वसवली गेली. आम्ही त्यांतलेच. घर हलवताना काय न्यायचं आणि काय टाकायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांना कागदाची किंमत कळत नव्हती, आणि कळली असती तरी भांडी, धान्य, जनावरं आधी होती. आता वारस असल्याचा पुरावा म्हणून आम्हाला सांगितलं जातं की सैनिकाच्या मूळ गावच्या तलाठ्याचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. त्या गावाला तलाठी नाही, ग्रामपंचायत नाही, गावच नाही. पुनर्वसनाचा दाखला आमच्याकडे आहे, त्यावर मूळ गावाचं नाव आणि आजोबांचं नाव दोन्ही आहेत, पण तुमच्या नमुन्यात त्याला रकाना नाही. धरणासाठी उठलेल्या माणसांना हा देश एकदा त्यांच्या गावातून उठवतो आणि मग त्याच गावचा दाखला मागतो, हे थांबलं पाहिजे. कोयनेच्याच नव्हे, वारणा, उजनी, जायकवाडी, सगळीकडच्या लोकांसाठी.

जिल्ह्यांची नावंही बदलली. जुन्या कागदात कुलाबा असतं, ते आज रायगड. सिंधुदुर्गातली गावं रत्नागिरीत लिहिलेली असतात. कोल्हापूर, सांगली, मिरज, सावंतवाडी इथली माणसं संस्थानांच्या नावावर. ज्याला हे ठाऊक नाही तो आजचा जिल्हा लिहितो आणि नोंद मिळत नाही. शोध घेणाऱ्या कार्यालयाकडे जुन्या-नव्या तालुक्यांचा साधा तक्ता असायला काय हरकत आहे?

ज्यांचे कागद सुदैवाने हाती येतात त्यांची दुसरी अडचण सुरू होते. पानभर आद्याक्षरं. एम.ई.एफ., सी.एम.एफ., पायफोर्स, आय.ओ.आर., टी.ओ.एस., एस.ओ.एस. सांगलीतल्या एका कुटुंबाने मला असं पान दाखवलं. तारखेपुढे एस.ओ.एस. पाहून त्यांना वाटलं की त्यांचे पणजोबा संकटात सापडले होते, वेढ्यात अडकले होते. त्याचा अर्थ एवढाच की त्या तारखेला त्यांचं नाव एका तुकडीच्या पटावरून उतरवलं, बहुधा दुसरीकडे बदली झाली म्हणून. सी.एम.एफ. म्हणजे मध्य भूमध्य समुद्राकडची फौज, म्हणजे इटली. पायफोर्स म्हणजे इराण-इराककडची. या खुणांचा एक दोन पानी तक्ता मराठीत छापून कागदांसोबत द्यायला किती खर्च येतो? पत्रं इंग्रजीत किंवा हिंदीत येतात, ती सरकारची भाषा आहे हे मान्य. पण ज्याच्या आजोबांना मराठी बोलता येतं म्हणून मराठ्यांच्या पलटणीत घेतलं, त्याच्या नातवाला त्या आजोबांबद्दल एक पान मराठीत मिळू नये?

कुणी म्हणेल, इतक्या जुन्या गोष्टी, त्यात इंग्रजांची चाकरी. घरातही हे ऐकलंय. आजोबांना राजकारणातलं काय कळत होतं मला माहीत नाही. शेत गहाण होतं आणि पगार दरमहा येणार होता, हे आजी सांगायची. त्याच काळात साताऱ्यात पत्री सरकार चालू होतं, त्याच मुलखातली तरणी पोरं एका बाजूला भूमिगत होत होती आणि दुसऱ्या बाजूला बोटीने सुएझला उतरत होती, कधी कधी एकाच घरातली. हा आमचा इतिहास आहे, त्यातला एक भाग जाळून दुसरा उजळ होत नाही. आणि आजच्या भारतीय लष्कराने त्या युद्धाशी नातं तोडलेलं नाही. पलटणी केरेनचा, इम्फाळचा युद्धसन्मान आजही अभिमानाने आपल्या नावापुढे लावतात, आणि लावावाच. मग तो सन्मान ज्यांनी मिळवून दिला त्यांची पानंही त्याच पलटणीने सांभाळली पाहिजेत.

हे होण्यासारखं नाही असं आपण म्हणू शकत नाही, कारण इतरांनी ते केलंय. पहिल्या महायुद्धात पंजाबातून गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात ९७ वर्षं पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संस्थेने आणि ग्रिनिच विद्यापीठाने त्यांतल्या नोंदी २०२१ पासून लोकांना शोधता येतील अशा उघड करायला सुरुवात केली. आता लुधियानाचा माणूस आपल्या खापरपणजोबाचं गाव टाकून नाव काढू शकतो. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने २०२२ पासून आपल्या जुन्या सैनिकांच्या सुमारे ९७ लाख फायली लंडनमधल्या क्यू इथल्या त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायला घेतल्या. त्यांत आमच्या शिपायांच्या फायली नाहीत, त्या इथेच राहिल्या होत्या. विचित्र गोष्ट अशी की इटलीतल्या भारतीय पलटणींच्या युद्धदैनंदिन्या क्यूमध्ये कुणालाही उघडून पाहता येतात. पलटण कुठल्या दिवशी कुठल्या टेकडीवर होती हे लंडनला कळतं. त्या टेकडीवर माझे आजोबा होते का, हे फक्त आपल्याकडच्या कागदांवरून कळू शकलं असतं.

आपल्याच मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्ध आणि मोहिमांच्या इतिहासाबद्दल धोरण मंजूर केलं. युद्धदैनंदिन्या आणि मोहिमांची कागदपत्रं इतिहास विभागाकडे द्यायची, साधारणपणे २५ वर्षांत ती खुली करायची, त्याहून जुनी कागदपत्रं तज्ज्ञांनी तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवायची, असं त्यात आहे. मी ते वाचून आनंदले होते. पण शिपायाचा शीट रोल त्या धोरणात कुठे बसतो? सेनापतीच्या हुकुमांना २५ वर्षं झाली की ते अभिलेखागारात जाणार, आणि हुकूम पाळणाऱ्याच्या कागदाला २५ वर्षं झाली की तो भट्टीत जाणार, असे दोन नियम एकाच मंत्रालयात शेजारी शेजारी चालू आहेत. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही आपल्याला लागू आहे. त्याखालचे १९९७ चे नियम म्हणतात की नोंद न करता आणि आढावा न घेता कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करू नये. मग नष्ट केलेल्या शीट रोलांची नोंद कुठे आहे, आढावा कुणी घेतला, हे विचारण्याचा आम्हाला हक्क आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ पूर्वी भरती झालेल्या कोणत्याही सैनिकाचा कागद, तो पेन्शनर असो वा नसो, यापुढे नष्ट होता कामा नये. त्यासाठी परिच्छेद ५९५ दुरुस्त व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर स्थगितीचा लेखी आदेश काढा आणि तो सर्व अभिलेख कार्यालयांना पाठवा. ही मागणी सर्वांत तातडीची आहे, कारण बाकीचं उशिरा केलं तरी चालेल, जाळलेलं परत येणार नाही.

१९४७ पर्यंतच्या लाँग रोलच्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मदतीने पानापानाने स्कॅन करा आणि त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर ठेवा. नाव, बापाचं नाव, गाव, भरती आणि सुटल्याची तारीख यांत आता कुणाचं गुपित उरलेलं नाही. आजारपणाच्या आणि शिक्षेच्या नोंदी मात्र सरसकट उघड करू नका, त्या वारसांनाच द्या. याबाबत मी आग्रही आहे, कारण काही नोंदी आपण वाचाव्यात असं त्या माणसाला वाटलं नसतं, आणि ते ठरवण्याचा अधिकार निदान घरच्यांकडे असावा.

देशात एकच अर्ज असावा, एकाच ठिकाणी. पलटण माहीत नसेल तर शोधण्याचं काम आपलं. नंबर नसला म्हणून अर्ज परत पाठवू नये. नावाच्या निरनिराळ्या स्पेलिंगांनी आणि जुन्या तालुका-जिल्ह्यांनी शोध घेतल्याचं उत्तरात लिहावं. धरणग्रस्तांचा पुनर्वसन दाखला मूळ गावचा पुरावा म्हणून स्वीकारावा. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या माहितीबद्दल माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(३) काय म्हणतं (थोडे अपवाद सोडता ती द्यावी लागते) हे जनमाहिती अधिकाऱ्यांना एकदा लेखी कळवावं.

आतापर्यंत काय काय नष्ट झालं, कुठल्या कार्यालयात, कुठल्या वर्षांचं, याची यादी जाहीर करा. कागद नाहीत हे एकदा नीट कळलं तर माणसं निदान वाट पाहणं थांबवतील आणि दुसरीकडे शोधतील.

आणि महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाकडेही एक मागणी. प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात एक स्कॅनर आणि एक माणूस बसवा. घराघरांतले डिस्चार्ज दाखले, पत्रं, पदकं लोकांनी आणून दाखवावीत, तुम्ही त्यांची प्रत ठेवून मूळ वस्तू परत द्यावी. सरकारी कागद जळाले असतील तर उरलेला पुरावा लोकांच्या ट्रंकेत आहे, आणि वाळवी सरकारी परवानगीची वाट पाहत नाही. कित्येक वृद्ध विधवांना राज्याची मदत मिळण्यात याच एका दाखल्याची अडचण होती. त्यांतल्या बहुतेक आता हयात नाहीत. ज्या आहेत त्यांच्याकडे आधी जा.

माणसं कमी आहेत असं आपण म्हणाल, तर त्याचंही उत्तर माझ्याकडे आहे. वह्या स्कॅन झाल्या की त्यांतली नावं टंकायला आम्ही माणसं देऊ. आमच्या भागातले निवृत्त शिक्षक, निवृत्त फौजी, महाविद्यालयातली मुलं तयार आहेत. जुनी गावं, जुनी आडनावं आम्हाला कळतात, ‘कारकुनाने हे काय लिहिलं असेल’ हे आम्ही ओळखू शकतो. मोबदला नको. वह्या आपल्याच ताब्यात राहू देत, आम्हाला फक्त पानांची छायाचित्रं द्या.

येत्या १५ जानेवारीला लष्कर दिन आहे. त्याआधी कागद नष्ट करण्याला स्थगिती देणारा आदेश निघावा आणि तो जाहीर व्हावा. मला वैयक्तिक उत्तर पाठवलं नाही तरी चालेल.

आपली नम्र,
एका शिपायाची नात
(मूळ गाव कोयना जलाशयात, सध्या वास्तव्य रायगड जिल्हा)